महागड्या रेस्टॉरंटच्या मालकांना एका निवृत्त कॅप्टनचं खुलं पत्र

प्रति,
मुंबई-पुण्यातल्या उंची रेस्टॉरंटचे मालक, चालक आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच धंद्यातला माणूस आहे. दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकलो, मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांच्या रेस्टॉरंटमध्ये स्टुअर्ड, म्हणजे वेटर, म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत त्याच फ्लोअरवर, म्हणजे पाहुणे बसतात त्या दालनात, उभा राहिलो. त्यातली बरीच वर्षं कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, होतो. मालकांच्या अडचणी मला माहीत आहेत. लोअर परळ किंवा बीकेसीतलं भाडं काय असतं, परवान्यांसाठी किती टेबलांवर फाइल फिरते, दारूवरचा व्हॅट राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्क्यांवर नेला तेव्हा किती जणांचं गणित कोलमडलं, हे सगळं मी जवळून पाहिलं आहे. त्यामुळे हे पत्र महागाईबद्दल नाही. तुमच्या मेन्यूवर साडेनऊशे रुपयांचं सूप असेल तर तो तुमचा अधिकार आहे. ज्याला परवडेल तो घेईल.

माझी तक्रार सेवेबद्दल आहे. तिचे पैसे तुम्ही बिलात वेगळे लावता, पण ती देणाऱ्या माणसांवर खर्च करायचं तुम्ही जवळजवळ थांबवलं आहे. आणि हे गप्प बसून बघणं मला आता जमत नाही.

निमित्त घरचंच घडलं. माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं. घरात पूजा, जेवण सगळं रीतसर झाल्यावर नातवंडांनी हट्ट धरला की आजीला एकदा ‘आपल्या’ ठिकाणी न्यायचं. मुंबईतलं एक नावाजलेलं रेस्टॉरंट त्यांनी निवडलं. मी नाव लिहिणार नाही, कारण जे तिथे घडलं ते हल्ली बहुतेक ठिकाणी घडतं, आणि एकाला पुढे करून बाकीच्यांना मोकळं सोडायची माझी इच्छा नाही.

सुरुवात बिलापासूनच करतो, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे.

आमचं खाणं झालं नऊ हजारांचं. त्याखाली ‘स्टाफ कॉन्ट्रिब्युशन’ या नावाने १० टक्के, म्हणजे नऊशे रुपये. मग ९,९०० वर पाच टक्के जीएसटी, ४९५ रुपये. एकूण १०,३९५. ते नऊशे नसते तर हेच बिल ९,४५० झालं असतं. म्हणजे जी रक्कम द्यायची की नाही हे ठरवायचा हक्क माझा आहे, ती न विचारता लावली आणि वर तिच्यावर करही घेतला.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ असणार. सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही. दुसऱ्या कुठल्याही नावाने घ्यायचं नाही. ग्राहकावर सक्ती करायची नाही, ते ऐच्छिक आहे हे त्याला स्पष्ट सांगायचं. शुल्क दिलं नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही. आणि खाण्याच्या बिलात मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावायचा नाही. तुमच्या दोन राष्ट्रीय संघटना, एनआरएआय आणि एफएचआरएआय, याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि पुढची अडीच वर्षं तुम्ही ती छातीवर लावून फिरलात. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने दोन्ही याचिका फेटाळल्या, तत्त्वं कायम ठेवली आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंडखर्च लावला. तुम्ही अपिलात गेलात, तो तुमचा हक्क आहे. पण अपील दाखल केलं म्हणून निकाल पुसला जात नाही. आणि नाव बदलून तेच शुल्क घेणं तर तत्त्वांमध्ये शब्दशः मना केलेलं आहे.

मी बिल घेऊन मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, “सर, सिस्टिममधूनच येतं.” मी म्हणालो, सिस्टिममध्ये माणसानेच घातलंय, माणसानेच काढा. तो म्हणाला, हेड ऑफिसला विचारावं लागेल. आम्ही बसून राहिलो. शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून बघायला लागली. आईने माझा हात धरला आणि म्हणाली, “जाऊ दे रे, चांगल्या दिवशी भांडण नको.” आजीला आपण लाजेत घातलं असं नातवंडांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अखेर शुल्क निघालं, पण बिल टेबलावर ठेवण्याची रीत अशी होती की आम्ही कुणाचं तरी काही बुडवून चाललो आहोत.

मालकहो, तुमच्या ‘ऐच्छिक’ शब्दाचा प्रत्यक्षात अर्थ हा असा होतो. लग्नाचा वाढदिवस असतो, ऑफिसचे साहेब सोबत असतात, मुलीला बघायला आलेली मंडळी असतात, आईचं वय झालेलं असतं. अशा टेबलावर कोण उठून हुज्जत घालेल? शंभरातले बहुतेक लोक मुकाट पैसे देऊन उठतात, आणि त्याला तुम्ही संमती म्हणता. लोकांच्या भिडस्तपणावर उभा असलेला महसूल आहे हा. आमच्यासारख्या ज्यांना नियम माहीत आहेत, त्यांनाही ते शुल्क आपल्या माणसांसमोर मान खाली घालून काढून घ्यावं लागतं. मला राग या गोष्टीचा आहे, नऊशे रुपयांचा नाही.

आता तुमचा नेहमीचा युक्तिवाद. हे पैसे फक्त वेटरला नाहीत, आतल्या भांडी घासणाऱ्यापर्यंत, कुकपर्यंत जातात. टिप मात्र फक्त पुढे दिसणाऱ्याला मिळते. युक्तिवाद चांगला आहे. मी स्वतः तो अनेकदा मांडला आहे. जुन्या मोठ्या हॉटेलांत सेवा शुल्काचे पॉइंट, म्हणजे प्रत्येकाचे वाटे, ठरलेले असायचे. कॅप्टनचे इतके, स्टुअर्डचे इतके, किचन स्टुअर्डिंगवाल्यांचे, म्हणजे भांडी घासणाऱ्यांचे, इतके. महिन्याची जमा किती झाली ते युनियनला दाखवलं जायचं आणि रक्कम पगारपत्रकात वेगळी दिसायची. कुणाला कमी पडले तर भांडायला कागद होता.

तुमच्याकडे तो कागद कुठे आहे?

त्या रात्री आमच्या टेबलावर जो मुलगा होता, त्याला मी हळूच विचारलं की या दहा टक्क्यांतले तुला किती मिळतात. त्याने आधी मॅनेजर कुठे उभा आहे ते बघितलं. मग ग्लासमध्ये पाणी ओतत म्हणाला, “सर, वो हमको पता नहीं.” मी गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीच्या, नात्यातल्या, कॉलेजातून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या कितीतरी मुलांना हाच प्रश्न विचारला आहे. काही ठिकाणी मालक प्रामाणिकपणे वाटतात, त्यांना माझा मनापासून नमस्कार. पण फार जणांचं उत्तर त्या मुलासारखंच आहे. कुणी सांगतं, फुटलेल्या ग्लासचे पैसे त्यातून कापतात. कुणी सांगतं, त्यातूनच पगार पुरा करतात. म्हणजे जो पगार तुम्ही द्यायचा, तो ग्राहकाकडून वेगळा वसूल करून त्यावर ‘स्टाफ’ असं नाव छापायचं.

टिपचे पैसे कुणाचे, हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयात वेगळ्या निमित्ताने गेला होता. एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या करकपातीच्या प्रकरणात २०१६ साली न्यायालयाने म्हटलं की ग्राहकाने बिलासोबत दिलेली टिप मालकाच्या हातात आली तरी ती कर्मचाऱ्यांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेली रक्कम असते. प्रश्न करकपातीचा होता, पण त्यातलं तत्त्व साधं आहे: ते पैसे तुमचे नाहीत. ब्रिटनमध्ये तर यासाठी कायदाच झाला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे टिप आणि सेवा शुल्क पूर्णपणे कर्मचाऱ्यांना द्यावं लागतं, वाटपाची पद्धत लिखित ठेवावी लागते आणि कर्मचारी तिचा हिशोब मागू शकतो. तिथल्या रेस्टॉरंटची सजावट, तिथले मेन्यू, तिथल्या कॉकटेलची नावंसुद्धा तुम्ही उचलता. हा नियमही उचला.

पैशांचा विषय इथे थांबवतो. आता त्या पैशांच्या बदल्यात काय मिळतं ते.

माझी आई शाकाहारी आहे. लहान नातीने तिच्यासाठी थाई करी निवडली. ज्याने या धंद्यात आठवडाभर जरी काम केलं आहे, त्याला माहीत असतं की थाई करी पेस्टमध्ये बरेचदा सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते आणि भाज्यांच्या डिशमध्येही फिश सॉस पडू शकतो. मी विचारलं, “यात श्रिम्प पेस्ट आहे का?” मुलगा म्हणाला, “व्हेज है सर.” मी पुन्हा विचारलं, पेस्ट तुम्ही स्वतः बनवता की तयार आणता. तो हसला आणि “चेक करता हूँ” म्हणून गेला. तो परत आला नाही. त्याच्या अंगावर आमच्यासारखी सात-आठ टेबलं होती, त्यातलं एक बारा जणांचं. मी स्वतः उठून पासपाशी, म्हणजे किचनमधून डिश बाहेर देतात त्या खिडकीपाशी, गेलो, तेव्हा आतल्या शेफने नीट, आदराने उत्तर दिलं: शाकाहारीसाठी पेस्ट वेगळी बनवतात, पण वोक, म्हणजे परतायची कढई, सगळ्यांना एकच. आईने साधा भात आणि टोफू खाल्लं.

या प्रसंगात मी त्या मुलाला काडीचाही दोष देत नाही. दोष ब्रीफिंगचा, म्हणजे शिफ्टआधी द्यायच्या सूचनांचा, आहे. आमच्या वेळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं सगळे ओळीत उभे राहायचे. नखं, दाढी, बूट, खिशात काडेपेटी आणि दोन पेनं बघितली जायची, हे खरं. पण मुख्य गोष्ट पुढची होती. शेफ बाहेर येऊन सांगायचा की आज सूप कशाचं आहे, कोणत्या सॉसमध्ये शेंगदाणा आहे, कशात अंडं आहे, काय संपलंय, काय खपवायचं आहे. मग कॅप्टन कुणालाही अचानक विचारायचा. उत्तर आलं नाही तर त्या दिवशी त्याला ऑर्डर घ्यायला मिळायची नाही, नुसती ट्रे उचलायची. नवीन डिश मेन्यूत आली की पहिल्या दिवशी सगळ्या फ्लोअर स्टाफला चमचा-चमचा चाखायला मिळायची. ज्याने चव घेतलेली नाही तो ती कशी सांगणार? एका स्टेशनला, म्हणजे एका गटाकडे सोपवलेल्या भागाला, चार-पाच टेबलं, त्यावर एक कॅप्टन, एक स्टुअर्ड आणि हाताखाली एक मदतनीस. म्हणून पाहुण्याने मान वळवली तरी कळायचं. गावच्या पंगतीत चांगला वाढपी जसा पानाकडे बघून ओळखतो की आमटी संपत आलीय आणि मागायच्या आत ओगराळं घेऊन उभा राहतो, तीच ही विद्या. ती शिकवावी लागते, आणि शिकवायला माणूस व वेळ दोन्ही लागतात.

तुम्ही नेमकी तीच दोन खाती छाटलीत. आज केटरिंग कॉलेजातली ट्रेनी मुलं आणून त्यांना थेट भरगच्च शनिवारी फ्लोअरवर सोडलं जातं. स्टायपेंड इतका की मुलाला गावाकडून पैसे मागवावे लागतात. ब्रेक शिफ्ट असेल तर दुपारी तीनला सुटायचं, संध्याकाळी सहाला परत यायचं. मधले तीन तास बोरिवली-विरारला राहणाऱ्या मुलाने कुठे काढायचे? मी अशी मुलं मॉलच्या मागच्या जिन्यात झोपलेली बघितली आहेत. रात्री शेवटची लोकल चुकली तर रेस्टॉरंटच्याच सोफ्यावर. आणि सकाळी त्यांनी प्रसन्न चेहऱ्याने उभं राहायचं. सहा महिन्यांत तो सोडून जातो, तुम्ही नवा आणता आणि म्हणता की हल्लीच्या मुलांना सेवेची आवड नाही.

ब्रीफिंगचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट, आणि ही सर्वांत गंभीर. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. त्यातले कित्येक जण स्वच्छतागृहात गुदमरून गेले. आग लागल्यावर बाहेर जायचा रस्ता सापडला नाही म्हणून माणसं तिकडे धावली. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याला नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले, आणि त्यातले बहुतेक तिथे काम करणारे होते. दूर गावांहून पोटासाठी आलेली मुलं. अशा वेळी पाहुण्याचं लक्ष फक्त एका माणसाकडे जातं, त्याच्या टेबलावर वाढणाऱ्याकडे. तो जर म्हणाला ‘इकडून चला’, तर लोक त्याच्यामागे जातात. त्या रात्री मी आमच्या मुलाला विचारलं की दुसरा दरवाजा कुठे आहे. त्याला माहीत नव्हतं. जिथे तो दिवसाचे बारा तास काढतो, तिथला. मी नंतर स्वतः शोधला. मागच्या कॉरिडॉरमध्ये होता आणि त्याच्यासमोर खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. त्या खुर्च्यांबद्दल मी मॅनेजरला तिथल्या तिथे सांगितलं आणि त्या हलवल्यावरच आम्ही निघालो.

बाकीच्या तक्रारी आता थोडक्यात सांगतो. थोडक्यात म्हणजे किरकोळ नव्हे.

छापील मेन्यू नव्हता. टेबलावर चौकोनी कोड चिकटवलेला. आईचा फोन साधा आहे, आणि दिसतं कमी. नातवाने स्वतःच्या फोनवर एकेक पदार्थ वाचून दाखवला, तोही मोठ्याने ओरडून, कारण डोक्यावर स्पीकर होता. तिच्या कानात श्रवणयंत्र आहे. ज्यांच्या घरात कुणी ते वापरतं त्यांना माहीत असेल की ठोकणाऱ्या संगीतात ते यंत्र सगळा आवाज एकत्र करून कानात ओततं. आवाज कमी करा म्हटलं तर “इट्स पार्ट ऑफ द व्हाइब, सर” असं उत्तर आलं. आठ वाजता, निम्मं रेस्टॉरंट रिकामं असताना.

दारात चार पायऱ्या, कठडा नाही, उतार नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सरकारी कचेऱ्यांपुरता नाही. लोकांना सेवा देणाऱ्या खासगी आस्थापनांनाही सुगमतेचं बंधन घालतो. दोन दारवानांनी आईला हाताला धरून वर घेतलं. माणसं चांगली होती, देव त्यांचं भलं करो. पण संगमरवरी कारंज्यावर खर्च झालेल्या ठिकाणी एक लाकडी उतार का नसावा?

बसताक्षणी प्रश्न आला, “स्टिल ऑर स्पार्कलिंग?” साधं पाणी असा पर्याय त्याने उच्चारलाच नाही, मागितल्यावर मिळालं. बाटलीबंद पाणी छापील किमतीच्या वर विकायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हॉटेलांना दिली, ती घ्या. मात्र पिण्याचं साधं पाणी आहे हे आधी सांगायला काय हरकत आहे? मुलाला तसं सांगायची मनाई असते, हे मला माहीत आहे. पाण्याच्या बाटल्या किती खपल्या याचा रोजचा हिशोब त्याच्या नावावर लागतो.

बिल देताना मोबाइल नंबर मागितला. नाही दिला तर बिल निघेना. दुकानदारांनी नंबरची सक्ती करू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये कळवलेलं आहे. रेस्टॉरंटनेही तेवढं पाळावं.

आणि जेवण संपत आलेलं असताना होस्टेस येऊन म्हणाली की साडेनऊचं बुकिंग आहे, टेबल मोकळं करावं लागेल. टेबल दोनदा फिरलं पाहिजे, हे धंद्याचं गणित मला पटतं. पण वेळेची मर्यादा बुकिंगच्या वेळी सांगायची असते. डेझर्टचा चमचा तोंडात असलेल्या एक्याऐंशी वर्षांच्या बाईला नाही.

मराठीबद्दल एकच लिहितो, कारण या विषयावर लगेच आवाज चढतात आणि मार त्या बिचाऱ्या मुलांना बसतो. आमच्या टेबलावरचा मुलगा ईशान्येकडचा होता, हिंदी त्यालाही परकीच. इतक्या लांब येऊन तो दोन भाषा शिकला याचं मला कौतुक आहे. त्याच्याकडून मराठीची अपेक्षा पहिल्या दिवसापासून मी करत नाही. अपेक्षा मालकाकडून आहे. मुंबईत, पुण्यात रेस्टॉरंट चालवताना प्रत्येक शिफ्टला फ्लोअरवर मराठी समजणारा एक तरी माणूस असावा आणि मेन्यूची एक प्रत मराठीत छापलेली असावी. आईने “थोडं गरम पाणी आणता का?” असं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तिच्याऐवजी माझ्याकडे बघून उत्तर आलं. आपल्याच शहरात तिला दुभाषा लागला.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सेवा शुल्क, कुठल्याही नावाने असो, बिलातून काढा. पैसे कमी पडत असतील तर मेन्यूतले दर वाढवा. तो मार्ग तुम्हाला कायद्याने पूर्ण मोकळा आहे. ग्राहकाला बसण्याआधी कळू द्या की जेवणाला किती पडणार.

ज्यांना टिप द्यायची आहे त्यांच्यासाठी बिलावर रिकामी ओळ ठेवा. ती रक्कम कशी वाटली जाते, हे लिहून स्टाफ रूममध्ये लावा आणि दर महिन्याची जमा तिथेच लिहा. ग्लास फुटला, ग्राहक पळाला, कॅश कमी आली, कुठल्याही कारणाने त्यातून एक रुपया कापू नका. आजवर ‘स्टाफ’च्या नावाने घेतलेल्या रकमेचा हिशोब निदान आपल्या कर्मचाऱ्यांना तरी द्या.

रोज शिफ्टआधी पंधरा मिनिटांचं ब्रीफिंग सक्तीचं करा: पदार्थात काय आहे, ॲलर्जी कशाची होऊ शकते, बाहेर पडायचे रस्ते कुठे आहेत. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्यांना मेन्यूवर उष्मांक आणि ॲलर्जीची माहिती द्यायचं बंधन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घातलेलंच आहे; ज्यांची एकच शाखा आहे त्यांनीही ते पाळावं, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला शाखा मोजून त्रास होत नाही. ट्रेनीला एकट्याने स्टेशन देऊ नका. ब्रेक शिफ्टमधल्या मुलांना पडायला एक खोली आणि दोन वेळचं नीट जेवण द्या, उरलंसुरलं नव्हे.

मोठ्या अक्षरातला छापील मेन्यू ठेवा. एक कोपरा असा ठेवा जिथे स्पीकर नाही. पायऱ्यांना उतार करा. टेबलाची वेळ आधी सांगा.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळं सांगतो. तुम्ही या प्रश्नावर न्यायालयात ज्येष्ठ वकील उभे केलेत. त्यातल्या थोड्या खर्चात फ्लोअर स्टाफच्या प्रशिक्षणाचा एक सामायिक कार्यक्रम सुरू करता येईल. दादरच्या कॉलेजात १९५४ पासून हे काम शिकवलं जातंय. शिकवणारी, निवृत्त झालेली, हात-पाय धड असलेली माझ्यासारखी माणसं या शहरात पुष्कळ आहेत. आम्ही मानधन न घेता येऊ. बोलवा, मी पहिल्या तुकडीला उभा राहतो.

आणि हे पत्र वाचणाऱ्या सर्वांना: बिलात असं शुल्क दिसलं तर आधी शांतपणे काढायला सांगा, वेटरवर आवाज चढवू नका, त्याच्या हातात काही नसतं. मॅनेजरने नकार दिला तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. आणि वाढणाऱ्याने मनापासून केलं असेल तर टिप त्याच्या हातात द्या.

मालकांकडून आणि संघटनांकडून मला खासगी उत्तर, कूपन किंवा ‘पुन्हा या, आमच्यातर्फे जेवण’ असला फोन नको. यातल्या कोणत्या मागण्या तुम्ही मान्य करता आणि कोणत्या नाही, कारणांसह, हे तुमच्या दारावर आणि मेन्यूवर जाहीर लिहा. दिवाळीची बुकिंग सुरू व्हायच्या आत लिहिलंत तर लोकांना ठरवायला सोपं जाईल.

कळावे,

आपला,
एक निवृत्त रेस्टॉरंट कॅप्टन
दादर, मुंबई